डिजिटल छायाचित्राची कागदी प्रत : टिकाऊपणाच्या प्रश्नाचा इतिहास

१

छायाचित्रणाच्या इतिहासाचे लेखन आजवर बहुधा कॅमेऱ्याच्या अनुषंगाने झाले आहे. भिंग, रासायनिक लेप दिलेली काच, फिल्म आणि अखेरीस प्रकाशाचे विद्युत्-संकेतांत रूपांतर करणारा संवेदक, अशा क्रमाने ह्या कलेची प्रगती वर्णन करण्याची प्रथा पडली आहे. ह्या प्रथेमुळे एक महत्त्वाची गोष्ट दृष्टीआड होते. ती अशी की, छायाचित्र घराच्या भिंतीवर लागले, कुटुंबाच्या संग्रहात राहिले, दप्तरखान्यात जमा झाले किंवा पुरावा म्हणून पुढे आले, ते बहुतांशी कागदावर उतरल्यानंतरच. दीडशे वर्षांहून अधिक काळ हाच क्रम होता.

डिजिटल कॅमेऱ्याने हा क्रम मोडला. टिपलेले चित्र म्हणजे अंकांची एक मालिका. तिला पाहण्याजोगे रूप देण्यास पडदा पुरतो. परिणामी कागदी प्रत काढणे ही अपरिहार्य पायरी न राहता हेतुपूर्वक करावयाची एक स्वतंत्र कृती बनली. ही कृती चांगल्या रीतीने साधावी म्हणून जे प्रयत्न झाले, त्यांचा मुख्य काळ इ. स. १९९० ते २००५ हा पंधरा वर्षांचा होय. ह्या काळात मुद्रकांपुढे तीन प्रश्न होते : थेंबांच्या ठिपक्यांतून अखंड छटा कशी निर्माण करावी, पडद्यावरील रंग आणि कागदावरील रंग ह्यांचा मेळ कसा घालावा, आणि काढलेली प्रत टिकावी कशी. पहिले दोन प्रश्न पुष्कळ अंशी नवे होते. तिसरा मात्र नवा नव्हता. १८५५ साली लंडनमध्ये एका समितीने त्याचा विचार केला होता व त्यास पुढे मिळालेले उत्तरही उपलब्ध होते. तरीही डिजिटल मुद्रणाच्या प्रवर्तकांना ते उत्तर पुन्हा शोधावे लागले. हे का घडले, ह्याचा शोध प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे.

२

कागदावरील छायाचित्र फिके पडते, ही तक्रार ह्या कलेइतकीच जुनी आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट ह्याने १८३९ साली आपली पद्धती जाहीर केली, आणि पुढील पंधरा वर्षांतच हौसेने जमविलेल्या संग्रहांतील चित्रे पिवळी पडत असल्याचे लोकांच्या ध्यानात आले. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने १८५५ साली ह्या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी समिती नेमली. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट ह्यांनी तिच्या कार्यासाठी ५० पौंड दिले. रॉजर फेन्टन, फिलिप डेलामोट, डॉ. ह्यू डायमंड व रसायनज्ञ हार्डविच हे तिच्या सभासदांपैकी होत. ‘फेडिंग कमिटी’ ह्या नावाने ती इतिहासात ओळखली जाते.

समितीचा निष्कर्ष थोडक्यात असा होता : प्रत नीट न धुतल्याने कागदात मागे राहिलेला ‘हायपो’ हे फिकेपणाचे पहिले कारण, दमटपणा आणि हवेतील गंधकयुक्त वायू हे दुसरे. यास्तव प्रती काळजीपूर्वक धुवाव्या, कोरड्या जागी ठेवाव्या आणि हवा व ओलावा ह्यांपासून त्यांचे रक्षण करील असा एखादा लेप शोधावा, अशा शिफारसी तिने केल्या. चित्राच्या नाशास केवळ प्रकाश कारणीभूत नसून हवा हीही कारणीभूत आहे, ही ह्या अहवालातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल.

ह्याच सुमारास, १८५४ साली, मुंबईतही फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. नारायण दाजी ह्यांच्यासारखे एतद्देशीय वैद्य तिच्या कार्यात भाग घेत होते. लंडनच्या समितीने ज्या दमटपणास दोष दिला, तो मुंबईत वर्षातून चार महिने घरोघर वस्तीस असतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा प्रश्न येथे किती निकडीचा होता ह्याची कल्पना येते.

प्रश्नाचे खरे उत्तर मात्र धुण्यात किंवा लेपात सापडले नाही. १८५६ साली फ्रान्समध्ये ड्यूक द ल्यून ह्या सरदाराने टिकाऊ मुद्रणासाठी पारितोषिके जाहीर केली. आल्फोन्स प्वातव्हँ ह्याने १८५५ मध्येच असे दाखवून दिले होते की, बायक्रोमेट मिसळलेले जिलेटिन प्रकाशाने कठीण होते. त्यात काजळीसारखी पूड मिसळली तर प्रकाश लागेल तेथे ती पूड कागदावर धरून राहते व उरलेली धुऊन जाते. इंग्लंडमध्ये जोझेफ विल्सन स्वॉन ह्याने १८६४ साली ही रीत व्यवहारोपयोगी केली. ‘कार्बन प्रिंट’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ह्या प्रतीत चांदीचा अंशही नसतो. चित्र घडविणारे द्रव्यच बदलून त्याजागी काजळीसारखे स्थिर रंगद्रव्य योजणे, हे ह्या उत्तराचे सार होय.

विसाव्या शतकात रंगीत छायाचित्रण आले तेव्हा ह्या धड्याचे विस्मरण झाले. रासायनिक विकसनात निर्माण होणाऱ्या सेंद्रिय रंगांवर ही सर्व पद्धती उभी होती व ते रंग उडतात हे १९७० नंतरच्या काळात लक्षावधी कुटुंबांच्या अनुभवास आले. अमेरिकेतील आयोवा राज्यातील अभ्यासक हेन्री विल्हेल्म ह्यांनी ह्या विषयास वाहून घेतले. रंगीत छायाचित्रांचे स्थैर्य आणि जतन ह्यांवरील त्यांचा ७४४ पृष्ठांचा ग्रंथ १९९३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे डिजिटल प्रत बाजारात येण्याच्या वेळी रंग उडण्याचे ज्ञान उपलब्ध नव्हते, असे म्हणता येणार नाही.

३

डिजिटल प्रतीचे यंत्र छायाचित्रणाच्या परंपरेतून आलेले नाही. ते नोंदयंत्रांच्या परंपरेतून आले. पाण्याची बारीक धार आपोआप थेंबांत तुटते, हे फेलिक्स सावार ह्याने १८३३ साली तपासले व लॉर्ड रॅले ह्याने १८७८ साली त्याचे गणित मांडले. लॉर्ड केल्विनच्या सायफन-रेकॉर्डरने, ज्याचे पेटंट १८६७ चे आहे, समुद्रतळाच्या तारेतून येणारे क्षीण संदेश शाईच्या रेषेने कागदावर उतरविले. स्वीडनमधील रुने एल्मक्विस्ट ह्याने १९५१ साली पेटंट घेतलेल्या नोंदयंत्रात शाईचा सूक्ष्म फवारा हृदयाच्या ठोक्यांची रेषा काढीत असे. शरीरात बसविता येणारा पहिला पेसमेकर १८५८ नव्हे तर १९५८ साली ह्याच अभियंत्याने तयार केला, ह्यावरून त्याचा मूळ हेतू वैद्यकीय होता हे स्पष्ट होते. १९६० नंतर स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड स्वीट ह्यांनी थेंबांना विद्युत्-भार देऊन त्यांची दिशा बदलण्याची युक्ती साधली. स्वीडनमधील लुंड येथे कार्ल हेल्मुट हेर्ट्झ ह्यांनी ती निराळ्या रीतीने विकसित केली. तेही हृदयाच्या ध्वनिलहरी-तपासणीचे एक जनक होते.

ह्या शेवटच्या दोन प्रकारांत शाईची धार अखंड चालू असते व नको असलेले थेंब बाजूस वळविले जातात. गरजेपुरताच थेंब सोडण्याची कल्पना १९७० नंतर रूढ झाली. तिचे दोन प्रकार आहेत. एकात स्फटिकास विद्युत्-दाब देऊन तो किंचित वाकविला जातो व त्याच्या दाबाने थेंब बाहेर पडतो. दुसऱ्यात शाई क्षणभर तापवून वाफेचा बुडबुडा निर्माण केला जातो. हा दुसरा प्रकार कॅनन कंपनीच्या इचिरो एंडो ह्यांना १९७७ साली सुचला. तापलेली डाख देण्याची कांडी शाईच्या सुईस लागताच शाई उसळली, ह्या निरीक्षणातून तो निघाला असे सांगतात. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत जॉन व्हॉट ह्यांनी स्वतंत्रपणे तेच तत्त्व शोधले व १९८४ साली त्या कंपनीचा थिंकजेट हा प्रिंटर बाजारात आला.

ह्यांपैकी कोणाचाही उद्देश छायाचित्र छापण्याचा नव्हता. नोंद, पत्रव्यवहार, हिशेब हीच ह्या यंत्रांची कामे होती. त्यांच्या शाईची निवड त्या कामांस अनुसरून झाली होती. शाईने बारीक नळीत अडकू नये ही पहिली अट. आणि ती अट पाण्यात पूर्णपणे विरघळणारा रंग, ज्यास धंद्यात ‘डाय’ म्हणतात, तोच उत्तम रीतीने पुरी करतो. रंगद्रव्याची, म्हणजे ‘पिगमेंट’ची, पूड पाण्यात विरघळत नाही, ती तरंगत राहते आणि नोझल तुंबविते. कागदावर प्रत किती वर्षे राहील, ह्यापेक्षा यंत्र आज चालेल किंवा नाही हा प्रश्न त्या काळी अधिक निकडीचा होता. पुढील काळातील फिकेपणाचे मूळ ह्या प्रारंभीच्या निवडीत आहे.

४

डिजिटल छायाचित्राच्या प्रतीस कलाकृतीची प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय बहुतांशी इंग्रज गायक ग्रॅहम नॅश व त्यांचे स्नेही मॅक होल्बर्ट ह्यांच्याकडे जाते. नॅश ह्यांना छायाचित्रणाची आवड होती. त्यांच्या व्यक्तिचित्रांचे प्रदर्शन न्यूयॉर्क येथे भरावयाचे ठरले. परंतु बहुतेक मूळ निगेटिव्ह व प्रती एका प्रकाशकाकडे पाठविताना वाटेतच गहाळ झाल्या होत्या आणि हाती केवळ कॉन्टॅक्ट-शीटवरील लहान चित्रे उरली होती. डिस्ने कंपनीतील तंत्रज्ञ डेव्हिड कून्स ह्यांनी ती स्कॅन करून, संगणकावर सुधारून, आयरिस ग्राफिक्स ह्या कंपनीच्या प्रिंटरवर आर्श नावाच्या जलरंगाच्या कागदावर मोठ्या आकारात छापली. २४ एप्रिल १९९० रोजी ती प्रदर्शित झाली. हरवलेल्या निगेटिव्हच्या अभावी हे तंत्र पुढे आले, ही घटना लक्षणीय आहे.

आयरिसचे यंत्र हेर्ट्झ ह्यांच्या तत्त्वावर चालणारे होते. फिरत्या नळकांड्यास कागद गुंडाळलेला असे व प्रत्येक नोझलमधून दर सेकंदास सुमारे दहा लाख थेंब सुटत. छापखान्यात अंतिम छपाईपूर्वी मुद्रिते तपासण्यासाठी ते बनविले होते. मुद्रित तपासून झाले की त्याचे काम संपते. म्हणून त्याची शाई टिकाऊ असण्याचे कारणच नव्हते. नॅश ह्यांनी जुलै १९९० मध्ये ह्या जातीचे यंत्र १,२६,००० डॉलर देऊन विकत घेतले आणि १ जुलै १९९१ रोजी कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे ‘नॅश एडिशन्स’ ही मुद्रणशाळा उघडली. जाड कागद आत जावा म्हणून त्यांनी शाईच्या मुखांचा काही भाग करवतीने कापून टाकला; त्यामुळे यंत्राची हमी रद्द झाली. तेथील मुद्रक जॅक डुगॅन ह्यांनी ‘संगणकी छपाई’ ह्या शब्दांतील बाजारीपणा टाळण्यासाठी, फवारा ह्या अर्थाच्या फ्रेंच धातूवरून ‘जिक्ले’ हे नाव काढले व ते कलाबाजारात रूढ झाले. आयरिसचे ते यंत्र आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

नाव मिळाले, कागदही उत्तम मिळाला, परंतु शाई तीच राहिली. आरंभीच्या आयरिस-प्रतींचे रंग थोड्या वर्षांतच उडू लागले. नॅश एडिशन्समधील मंडळी निरनिराळ्या शाया करून पाहत होती, त्याचे कारण हेच. मर्यादित संख्येच्या, सही केलेल्या, किमती प्रती ग्राहकाच्या भिंतीवर फिक्या पडणे, हा केवळ तांत्रिक दोष नव्हता; मुद्रकाने दिलेल्या शब्दाचाच तो प्रश्न होता.

५

चित्राच्या गुणवत्तेचा प्रश्न ह्या काळात मोठ्या प्रमाणात सुटला. शाईचा ठिपका एकतर असतो किंवा नसतो; मधली छटा त्यास ठाऊक नाही. ही अडचण जुन्या छापखान्यासही होती. टॅलबॉटने १८५२ च्या पेटंटमध्ये जाळीदार कापडाने चित्र ठिपक्यांत फोडण्याची कल्पना मांडली आणि गेऑर्ग मायझेनबाख ह्याने १८८२ साली तिला हाफटोनचे व्यवहारोपयोगी रूप दिले. दादासाहेब फाळके हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ब्लॉक तयार करण्याच्या आणि रंगीत छपाईच्या ह्याच व्यवसायात होते. १९०८ साली त्यांनी लोणावळ्यास त्यासाठी कारखाना काढला होता. हाफटोनमध्ये ठिपके समान अंतरावर असतात व त्यांचा आकार बदलतो. संगणकी छपाईत ठिपका साधारणपणे समान राहतो व त्यांची दाटी बदलते. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग ह्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेली रीत अशी की, एका ठिकाणी छटेत जी चूक राहते ती शेजारच्या बिंदूंवर वाटून द्यावयाची. म्हणजे एकूण हिशेब बरोबर राहतो व डोळ्यास ठराविक जाळी दिसत नाही.

एप्सन कंपनीचा १९९४ चा स्टायलस कलर हा प्रिंटर इंचास ७२० ठिपके टाकू शकत असे व तो सामान्य माणसाच्या टेबलावर मावत असे. पुढे फिकी निळी व फिकी किरमिजी अशा दोन शायांची भर पडली, त्यामुळे चेहऱ्याच्या उजळ भागातील ठिपके दिसेनासे झाले. २००० च्या सुमारास थेंब ४ पिकोलिटरपर्यंत लहान झाला. अशा थेंबाचा व्यास मिलिमीटरच्या एक-पन्नासांशाइतका भरतो.

येथे एक सामान्य गैरसमज दूर करणे इष्ट आहे. प्रिंटरचे ठिपके आणि चित्राचे पिक्सेल ह्या दोन भिन्न गोष्टी होत. एका पिक्सेलची छटा दाखविण्यास अनेक ठिपके लागतात. २५ सेंटिमीटर अंतरावरून निरोगी डोळा सुमारे ०.०७ मिलिमीटरचा तपशील ओळखतो. ह्या हिशेबाने इंचास सुमारे ३५० पिक्सेल असले म्हणजे हातात धरून पाहावयाच्या प्रतीस अधिकाची गरज नाही. धंद्यात ३०० ही संख्या रूढ झाली ती ह्यामुळे. ह्या मापाने पाहिले असता, रसेल कर्श ह्यांनी १९५७ साली आपल्या तान्ह्या मुलाचे जे १७६ बाय १७६ पिक्सेलचे चित्र स्कॅन केले, त्याची उत्तम प्रत दीड सेंटिमीटरची निघेल. आणि कोडॅकचे स्टीव्हन सॅसन ह्यांनी १९७५ साली बांधलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या १०० बाय १०० पिक्सेलच्या चित्राची प्रत एक-तृतीयांश इंचाची. ३००० बाय २००० पिक्सेलच्या चित्रापासून १० इंच रुंदीची निर्दोष प्रत निघते. ह्या मर्यादेपलीकडे ताणलेल्या चित्रात सॉफ्टवेअर बिंदू वाढवू शकते, पण माहिती वाढवू शकत नाही.

६

दुसरा प्रश्न रंगांच्या मेळाचा. पडदा स्वतः प्रकाश टाकतो व तांबडा, हिरवा आणि निळा ह्या प्रकाशांच्या बेरजेने रंग घडवितो. कागद दुसऱ्याचा प्रकाश परत पाठवितो आणि शाई त्यातून काही भाग वजा करते. शिवाय पांढऱ्या आणि काळ्या टोकांमधील अंतर दोहोंत सारखे नसते. चांगल्या पडद्यावर ते शेकडो पटींचे असते. चकचकीत कागदावर साधारण दोनशे पट व मॅट कागदावर चाळीस पटीच्या आसपास राहते. म्हणून पडद्यावरील चित्र जसेच्या तसे कागदावर उतरणे अशक्य आहे. त्याचा अनुवादच करावा लागतो.

अनुवादास समान भाषा लागते. ती भाषा प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने १९३१ साली मानवी दृष्टीच्या प्रयोगांवरून निश्चित केली होती. १९९३ साली अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, कोडॅक, आग्फा, मायक्रोसॉफ्ट आदी आठ कंपन्यांनी एकत्र येऊन रंगविषयक संघ स्थापन केला व ‘प्रोफाइल’ची समान रचना ठरविली. प्रोफाइल म्हणजे एका विशिष्ट यंत्राचे, विशिष्ट शाईचे आणि विशिष्ट कागदाचे वर्तन नोंदविणारा तक्ता. शेकडो रंगचौकटी छापावयाच्या, त्या मापकयंत्राने मोजावयाच्या व मोजमापांवरून तक्ता तयार करावयाचा, ही त्याची पद्धती होय. जो रंग कागदावर येऊच शकत नाही त्याचे काय करावयाचे, ह्याचे चार पर्याय ह्या रचनेत आहेत. त्यांपैकी छायाचित्रास दोनच उपयोगी पडतात : एकात सर्वच रंग परस्परसंबंध राखून आत ओढले जातात, दुसऱ्यात कक्षेत असलेले रंग तसेच ठेवून बाहेरचे तेवढे सीमेवर आणले जातात.

ह्या व्यवस्थेपूर्वी मुद्रकाचे ज्ञान त्याच्या डोळ्यात व हातात होते व ते त्याच्याबरोबर जाई. प्रोफाइलमुळे ते लिहून ठेवता येऊ लागले. तथापि मुद्रकाचा निर्णय त्यामुळे अनावश्यक झाला नाही. प्रत कोणत्या प्रकाशात पाहिली जाईल, सावलीतील तपशील किती उघडावा, पडदा अवास्तव उजळ ठेवल्यामुळे प्रत काळोखी निघत नाही ना, ह्या गोष्टी तक्ता सांगत नाही. प्रती काळ्या निघतात ही नवशिक्याची नेहमीची तक्रार असते. बहुधा तिचे कारण प्रिंटरमध्ये नसून पडद्याच्या अतिरिक्त उजेडात असते.

७

छटा साधली, रंग जुळले. २००० सालच्या प्रारंभी डिजिटल प्रत रासायनिक प्रतीच्या बरोबरीस आली असे मानले जाऊ लागले. त्याच वर्षी सहा रंगी डाय-शाईचे नवे प्रिंटर व त्यांचे चकचकीत कागद मोठ्या जाहिरातीने बाजारात आले. प्रती सुमारे दहा वर्षे टिकतील असे सांगण्यात येत होते. परंतु काही ग्राहकांच्या प्रती थोड्या आठवड्यांत, क्वचित थोड्या दिवसांतच, नारिंगी पडल्या. चमत्कार असा की, शेजारच्या गावातील दुसऱ्या ग्राहकाच्या तशाच प्रती सुस्थितीत होत्या. आणि काचेच्या चौकटीत बसविलेल्या प्रतींना काहीच झाले नव्हते.

ह्या शेवटच्या निरीक्षणातच उत्तर दडलेले होते. टिकाऊपणाचे आकडे प्रखर दिव्याखाली केलेल्या चाचण्यांवरून काढले होते. म्हणजे परीक्षा प्रकाशाची झाली होती, हवेची झाली नव्हती. दोषी ठरला तो हवेतील ओझोन. नवे कागद सच्छिद्र होते. सिलिका किंवा अ‍ॅल्युमिना ह्यांच्या सूक्ष्म कणांचा लेप शाई तत्काळ शोषून घेई व प्रत हातात घेताना कोरडी असे. पण त्याच छिद्रांतून हवाही अखंड आत-बाहेर करी. जुन्या, जिलेटिनसारख्या फुगणाऱ्या लेपात शाई सावकाश वाळे, परंतु वाळल्यावर त्या लेपात बंदिस्त होई. सच्छिद्र लेपात निळ्या डायचे रेणू उघडे राहिले, ओझोनने ते मोडले, आणि निळा गेल्यावर मागे पिवळा व किरमिजी ह्यांचा नारिंगी उरला.

१८५५ च्या समितीने हवेस जबाबदार धरले होते, आणि हवेपासून रक्षण करणाऱ्या लेपाची शिफारस केली होती. २००० साली लेप बनला तो हवेस वाट करून देणारा. ज्ञान नाहीसे झाले नव्हते. ते एका व्यवसायाच्या स्मृतीत होते व यंत्र दुसऱ्या व्यवसायाने बनविले होते.

उत्तरही जुन्या मार्गानेच आले. रंगद्रव्याची पूड अत्यंत बारीक दळून, प्रत्येक कणास राळेचे वेष्टण देऊन, नोझल न तुंबविणारी शाई तयार करणे रसायनशास्त्रास आता शक्य झाले होते. एका रेणूवर आघात झाला की डायचा तो अंश नाहीसा होतो. कणात मात्र असंख्य रेणू एकत्र असतात व बाहेरचे मोडले तरी आतले राहतात. एप्सनचा अशा शाईचा पहिला घरगुती छायाचित्र-प्रिंटर २००० सालीच निघाला. त्याची रंगकक्षा तोकडी होती आणि दिव्याच्या उजेडात ठीक दिसणारी प्रत दिवसा हिरवट दिसे. २००२ सालच्या ‘अल्ट्राक्रोम’ शाईने हे दोष पुष्कळ कमी केले. २००५ साली त्याच मालिकेत काळ्याच्या तीन छटा आल्या, त्यामुळे कृष्णधवल प्रतीतील रंगाची झाक गेली. दरम्यान अमेरिकेतील व्हरमाँट येथे जॉन कोन ह्यांनी केवळ काळ्या-करड्या रंगद्रव्यांच्या शाया कृष्णधवल छपाईसाठी तयार केल्या होत्या. त्यांत मुख्य द्रव्य होते काजळी. म्हणजे स्वॉनने १८६४ साली वापरलेलेच. ओझोनच्या चाचणीस आंतरराष्ट्रीय मानक मिळण्यास मात्र २०११ साल उजाडावे लागले.

८

शाईइतकाच कागदाचा विचार महत्त्वाचा आहे. लाकडाच्या लगद्यात लिग्निन राहिले तर कागद पिवळा व ठिसूळ होतो. कापसाच्या चिंध्यांपासून केलेल्या कागदात ते नसते. म्हणूनच फ्रान्समधील आर्श (१४९२) आणि जर्मनीतील हानेम्यूले (१५८४) ह्यांसारख्या जुन्या कागदगिरण्यांना ह्या नव्या धंद्यात स्थान मिळाले. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात जी चकाकी आणणारी द्रव्ये घालतात, ती अतिनील किरणे घेऊन निळसर प्रकाश परत देतात. काळांतराने त्यांची शक्ती संपते व कागद आपल्या मूळ पिवळसर रंगावर येतो. त्यामुळे शाई शाबूत असूनही चित्र बदलल्यासारखे दिसते. दीर्घकाळ ठेवावयाच्या प्रतीसाठी मुळातच किंचित पिवळसर असलेला, अशी द्रव्ये नसलेला कापसाचा कागद घेणे शहाणपणाचे.

भारतात ह्या इतिहासाने निराळे वळण घेतले. येथील बहुसंख्य डिजिटल प्रती शाईच्या नव्हेतच. डिजिटल चित्र लेझरच्या प्रकाशाने जुन्याच चांदीच्या रंगीत कागदावर उतरवून तो रासायनिक रीतीने धुणारी यंत्रे १९९४ नंतर निघाली. फुजी कंपनीचे फ्रंटियर हे यंत्र १९९६ चे. शहरांतील व तालुक्याच्या गावांतील कलर लॅबमध्ये अशीच यंत्रे आली आणि लग्नाचे आल्बम त्यांवर निघू लागले. ह्या प्रतीतही सेंद्रिय डायच असतात, पण ते जिलेटिनात बंदिस्त असल्यामुळे हवेचा मारा त्यांस फारसा जाणवत नाही. पुढे स्टुडिओंच्या टेबलांवर स्वस्त डाय-शाईचे प्रिंटर आले व ओळखपत्राच्या छायाचित्रांपासून मोठ्या तसबिरींपर्यंत कामे त्यांवर होऊ लागली.

ह्या शेवटच्या प्रकारातच खरी हानी संभवते. महाराष्ट्रातील घरांत मृत व्यक्तीची तसबीर भिंतीवर लावण्याची रीत आहे. तेराव्या दिवसापूर्वी ती तयार व्हावी म्हणून मोबाइलमधील एखादे चित्र घाईने दुकानात दिले जाते. तेथे कोणती शाई आणि कोणता कागद वापरला, ह्याची चौकशी कोणी करीत नाही. कोकणातील किंवा मुंबईतील पावसाळ्यात दमट हवेने डाय-शाई कागदात पसरते, रंगांच्या कडा मिसळतात आणि प्रत काचेस चिकटली असल्यास काढतानाच फाटते. मोबाइल तोपर्यंत बदललेला असतो व मूळ चित्रही सापडत नाही. नॅश ह्यांच्या निगेटिव्हप्रमाणेच येथेही मूळ नाहीसे होते. फरक एवढाच की, दुसरी प्रत काढण्यास मागे काहीच उरत नाही.

९

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, डिजिटल प्रतीचा दर्जा आणि तिचे आयुष्य ह्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. नव्या प्रतीकडे पाहून तिचा दर्जा कळतो, आयुष्य कळत नाही. ते शाईची जात, कागदाचा लेप व ठेवण्याची जागा ह्यांवर अवलंबून असते. दुसरा असा की, टिकाऊपणाचा कोणताही आकडा तो कोणत्या चाचणीवरून काढला हे कळल्यावाचून निरर्थक आहे. २००० सालची चूक खोट्या मापाची नव्हती, अपुऱ्या मापाची होती.

तिसरा निष्कर्ष इतिहासाच्या अभ्यासकांशी निगडित आहे. फाइल वाचण्यास यंत्र, सॉफ्टवेअर आणि ती जपणारा मनुष्य लागतो. प्रत पाहण्यास उजेड पुरतो. उलट फाइलची नक्कल निर्दोष असते, तर प्रत दर वर्षी थोडी जीर्ण होते. दोन्ही साधने एकमेकांची उणीव भरून काढतात. म्हणून संग्रहालयांनी व दप्तरखान्यांनी एकाच्या भरवशावर दुसऱ्याचा त्याग करू नये. निवडक चित्रांच्या रंगद्रव्याच्या शाईने कापसाच्या कागदावर काढलेल्या प्रती, पॉलिएस्टरच्या पाकिटात, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवाव्या. भिंतीवर लावावयाच्या प्रती काचेआड, परंतु काचेस न चिकटतील अशा बसवाव्या. आणि प्रत्येक प्रतीच्या पाठीमागे चित्रातील व्यक्तींची नावे, स्थळ, तारीख ह्यांबरोबरच शाई व कागद ह्यांची नोंद मऊ पेन्सिलीने करावी. १८५५ च्या समितीस फिक्या पडलेल्या प्रतींची कारणे शोधताना त्या प्रती कोणी, कशा रीतीने तयार केल्या ह्याच माहितीवर विसंबावे लागले होते. आजच्या प्रती उद्या तपासणाऱ्यांनाही तीच माहिती लागेल, व ती देण्याची संधी प्रत काढली जाते त्याच दिवशी असते.